सारख्या गाठी, भिन्न रोग

म्हैसूरची दसऱ्याची मिरवणूक जेथे संपते, त्या बन्नीमंटपात १९८४ साली स्थापन झालेले जेएसएस वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांतील विकृतिशास्त्रज्ञांपुढे कधीकधी एक कूट प्रश्न येतो. एखाद्या तरुण स्त्रीच्या मानेत गाठ येते, ताप राहतो. आपल्या देशात प्रथम संशय क्षयाचा, मग लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचा. परंतु तिसरीही शक्यता असते: १९७२ साली जपानमध्ये किकुची व फुजिमोटो यांनी स्वतंत्रपणे वर्णिलेला विकार.

निवाडा सूक्ष्मदर्शक करतो. क्षयात मृत भाग बहुधा पनिरासारखा दिसतो व त्याभोवती कणार्बुदे असतात. किकुची विकारात पेशीकेंद्रांचे चूर्ण झालेले असते व भक्षक पेशी जमतात. मात्र पुवातील न्यूट्रोफिल पेशी जवळजवळ नसतात. कर्करोगात एकाच वंशाच्या पेशी बेसुमार वाढतात. विशेष रंजनाने त्या ओळखता येतात. ल्यूपस रोगातील ग्रंथी तर किकुचीसारखीच भासते. म्हणून रक्तातील प्रतिपिंडेही तपासावी लागतात.

या भेदावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते. क्षयास निदान सहा महिने औषधे, कर्करोगास तीव्र उपचार. किकुची विकार मात्र बहुधा काही महिन्यांत आपोआप शमतो. म्हणूनच संशय असता, सुईने काढलेल्या थोड्या पेशींवर विसंबण्यापेक्षा संपूर्ण ग्रंथी तपासणे श्रेयस्कर होय.