बातमीत उरणारे वाक्य

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. त्यांपैकी २० हून अधिक जण दगावले. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. अशा वेळी बातमीदार डॉक्टरांना, कृषी अधिकाऱ्यांना, कधी गावातल्या विज्ञानशिक्षकांनाही विचारतात : असे का झाले? आता काय करायचे? आपण दहा मिनिटे बोलतो आणि छापून येते एक वाक्य. ते कोणते असावे, हे आपल्याला ठरवता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. त्यासाठी बातमीचे गणित समजून घेऊ. अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकांच्या दूरचित्रवाणी बातम्यांचा डॅनियल हॅलिन यांनी अभ्यास केला. १९६८ मध्ये उमेदवाराचे सलग बोलणे सरासरी ४३ सेकंद ऐकवले जात होते. १९८८ मध्ये ते ९ सेकंदांवर आले. ९ सेकंदांत मराठीचे साधारण २० शब्द बसतात. घड्याळ लावून पाहा! वर्तमानपत्रातली जागाही अशीच मोजकी असते. आपण काटछाट केली नाही, तर बातमीदाराला ती करावीच लागते.

आता एक उत्तर पाहू. समजा, तज्ज्ञ म्हणाले, “सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे कार्य रोखतात, त्यामुळे चेतासंस्थेवर परिणाम होतो, त्यांचे शोषण त्वचेतून व श्वसनमार्गातूनही होते, तथापि योग्य ती खबरदारी घेतल्यास धोका कमी राहतो.” यात चूक काहीच नाही. पण छापून येईल ते शेवटचे : ‘खबरदारी घेतल्यास धोका कमी’. खबरदारी कोणती, हे वाचणाऱ्याला कळलेच नाही. तो पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीत शिरेल.

तेच असे सांगता येईल : “हे विष कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. अंगावर फवारा उडाला, तर काम थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा.” शब्द २० च्या आसपासच आहेत. विकराचे नाव गळाले, पण शास्त्र गळाले नाही. यातले कोणतेही एक वाक्य उचलले, तरी ते खरेच राहते आणि उपयोगी पडते.

कसोटी हीच. थोडक्यात बोलणे म्हणजे नुसते कमी बोलणे नव्हे. आपले वाक्य एकटे पडले तरी खरे राहिले पाहिजे. ‘जर’ आणि ‘पण’ पुढच्या वाक्यासाठी राखून ठेवले, तर ते कापले जाण्याची भीती असते. अट त्याच वाक्यात हवी.

दुसरा धोका प्रश्नातच दडलेला असतो. ३१ मार्च २००९ रोजी इटलीतील लाक्विला येथे भूकंपाचे लहान धक्के बसत होते. नागरी संरक्षण विभागाच्या एका अधिकाऱ्याला मुलाखतीत विचारले गेले, मग लोकांनी निवांत वाइन प्यावी का? त्याने हसत होकार दिला. सहा दिवसांनी मोठा भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसे गेली. तो होकार लोकांच्या लक्षात राहिला आणि पुढे खटल्यातही आला. म्हणून बातमीदाराच्या शब्दांना नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नये. उत्तर आपल्या शब्दांत, पूर्ण वाक्यात द्यावे. माहीत नसेल, तर तेही तसेच सांगावे : “विष कोणते, हे तपासणीनंतरच कळेल, तोवर फवारणी थांबवा.”

आकडा एकच द्यावा आणि तो कशाचा, हे त्याच वाक्यात सांगावे. मुख्य मुद्दा आधी, कारण नंतर. मुलाखत संपताना तो पुन्हा सांगावा.

वर्गात हा प्रयोग सोपा आहे. एका विद्यार्थ्याने ‘पाणी उकळून का प्यावे?’ यावर दोन मिनिटे बोलावे. बाकीच्यांनी बातमीदार होऊन एकच वाक्य लिहून घ्यावे. मग सगळी वाक्ये फळ्यावर मांडा आणि विचारा : भाषण न ऐकलेल्या माणसाला यातून खरे आणि पुरेसे कळेल का? ज्या वाक्यांचे उत्तर ‘नाही’ येईल, ती वक्त्याने स्वतः दुरुस्त करावीत.