लग्न लावतो कोण?

आमच्या निगडीत कारखान्यांनी नाना गावची माणसे शेजारी आणून बसवली आहेत. आमच्या शेजारी वसईकडचे कॅथलिक कुटुंब आहे. त्यांच्याशी बोलताना त्यांच्या विवाहाविषयी जे समजले, ते येथे मांडते.

कॅथलिकांचे सात संस्कार. विवाह त्यांपैकी एक. संस्कार म्हणजे देवाच्या कृपेची दृश्य खूण. बहुतेक संस्कार धर्मगुरू देतात. विवाह मात्र, रोमन परंपरेप्रमाणे, वधूवर एकमेकांना देतात! धर्मगुरू ख्रिस्तसभेतर्फे साक्षीला असतात. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू व साक्षीदार आवश्यक ठरवले, कारण चोरून केलेली लग्ने पुढे नाकारली जात. परंतु लग्न घडते ते दोघांच्या होकारानेच. तो धाकाने वदवून घेतला असेल, तर मिस्सा कितीही थाटात होवो, धर्मशास्त्र तो विवाह झालाच नाही असे मानते.

संत पौल पतिपत्नीच्या नात्याला ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा यांची उपमा देतो. ख्रिस्ताने स्वतःला वाहून दिले, तसे पतीने द्यावे. (पत्नीने अधीन राहावे, असेही तेथेच आहे, ते मला पटत नाही.) असा दिलेला शब्द मरेपर्यंतचा, म्हणून घटस्फोटाला मान्यता नाही. आणि म्हणूनच शब्द देण्यापूर्वी दोघांना विचारतात, स्वखुशीने आला आहात ना?

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. स्थळे येऊ लागली आहेत. चहाचा ट्रे माझ्या हाती, प्रश्न मात्र वडिलांना. ख्रिस्ती घरांतही पुष्कळदा ठरवतात थोरलेच, असे शेजारच्या आंटी सांगतात. तरी चर्चमध्ये उत्तर मुलीलाच द्यावे लागते, सर्वांदेखत, स्वतःच्या तोंडाने. तोवर बँड आणि पंगत खोळंबलेली असते.