गाय हंबरली म्हणून दरड कळली?

महाड-पोलादपुरात जुलैचा पाऊस लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘मुक्या जनावरांना आधीच कळतं, माणसाचीच जाणीव मेली.’ २२ जुलै २०२१ ला तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली, तेव्हापासून तर हे जास्तच ऐकू येतं. अमक्याची गाय आदल्या रात्री हंबरत होती म्हणे.

अहो, धो धो पावसात, गळक्या गोठ्यात गाय कुठल्या रात्री हंबरत नाही? दरड कोसळली की तेवढी रात्र लक्षात राहते, बाकीच्या आपण विसरतो. ही करामत आपल्या आठवणीची, गायीच्या ज्ञानाची नव्हे. भूकंपाबाबतच्या अशा कहाण्या जर्मन संशोधकांनी २०१८ मध्ये तपासल्या. १६० भूकंप, ७०० हून अधिक नोंदी. पण बहुतेक ऐकीव, आणि जनावर एरवी कसं वागतं याची नोंद जवळपास कुठेच नाही. २००४ च्या त्सुनामीत हत्ती आधीच पळाले, असंही सांगतात. श्रीलंकेत उपग्रह-पट्टा बांधलेल्या दोन हत्तींच्या हालचाली तपासल्या, तर तसं काहीच आढळलं नाही.

कुत्र्याला आपल्याला न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, हे खरं. डोंगर हलू लागल्यावर ते आपल्याआधी बिथरेलही. पण ती तीक्ष्ण श्रवणशक्ती झाली, भविष्यज्ञान नव्हे. आणि दाव्याला बांधलेल्या गाईला कळून तरी ती जाणार कुठे?

दुसरा टोमणा : ‘चंद्रावर यान उतरवता, मग दरडीची वेळ सांगा की!’ यानावर कोणती बलं काम करतात ते मोजता येतं. डोंगराच्या पोटातली प्रत्येक भेग आणि तिच्यातलं पाणी मोजता येत नाही. आपल्याकडे कातळावर झिजलेल्या मातीचा थर असतो. पाणी मुरलं की आतला दाब वाढतो, पकड सुटते. कोणता उतार धोक्याचा आणि किती पावसात, हे बऱ्यापैकी सांगता येतं. नेमका क्षण नाही. विज्ञानाची मर्यादा आहे ती इथे. पण जीव वाचवायला नेमका क्षण लागतोच कुठे? तळियेच्या त्या २४ तासांत जवळच्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता; एवढा पाऊस हाच इशारा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘आमच्या वाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नाही’ : दरडीखाली गाडल्या गेलेल्या इर्शाळवाडीचंही नव्हतं. ‘वर दाट झाडी आहे’ : मुळांच्या खालून थर सरकला तर झाडंही खाली येतात. ‘आजोबांच्या काळापासून काही झालं नाही’ : जुलै २००५ च्या दरडींपूर्वी दासगाव आणि जुईतही असंच म्हणता आलं असतं. ‘माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, म्हणून कळत नाही’ : निव्वळ थाप.

उतारावर नवी भेग दिसली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, दारं चौकटीत अडकू लागली, तर गुरं सोडा आणि माणसांना घेऊन लगेच खाली, उतारापासून लांब जा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.