नवा पीसी? आधी जुन्याची नाडी तपासा!

बटण दाबलं, चहा ठेवला, चहा पिऊनही झाला. तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतंच आहे. सात-आठ वर्षं जुना डेस्कटॉप ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं, ‘भाऊ, याच्यात आता दम नाही. नवाच घेऊन टाका.’

जरा थांबा. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी... तुमच्यापैकी अनेकांचा पीसी नुसता पिक्चर बघायला नाही, कामाला आहे. कुणी गल्लीतल्यांचे पीकविम्याचे नि प्रवेशाचे फॉर्म भरून देतं, कुणी एखाद्या दुकानाची टॅली सांभाळतं, कुणी लग्नपत्रिका आणि बॅनर बनवतं, कुणी क्लार्क-टायपिस्टच्या परीक्षेसाठी बोटं पळवतं. आणि नव्या पीसीचे पैसे कुठून येणार? आपल्या जिल्ह्यातली कित्येक कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. उचलीच्या हिशेबातून वीस-तीस हजार बाजूला काढणं म्हणजे काय, हे त्या घरातल्या पोरापोरींना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून ‘कोणता घेऊ?’ याच्या आधीचा प्रश्न विचारा, ‘माझं काम नेमकं कुठं अडतंय?’

तीन बटणांत निदान

यासाठी मेकॅनिक लागत नाही. रोजचं काम उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा आणि पीसी अडकतो तेव्हा कोणता आकडा चढतो ते बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसली? मग दुखणं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. ती सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. छोट्या छोट्या फायली शोधताना तर फरक याहून मोठा पडतो, कारण एसएसडीत फिरणारी तबकडीच नसते. विंडोज एसएसडीवर टाका आणि फोटो, फायली जुन्या डिस्कवर राहू द्या. फॉर्म आणि टॅलीसाठी २५६ जीबी पुरते. फक्त काहीही बदलण्याआधी बॅकअप घ्या.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर? मग ४ जीबी रॅमची ८ करा. पण आधी डीडीआर ३ आहे की डीडीआर ४ ते बघून जा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅम बरीच महागली, त्यामुळे जुन्या व्हिडिओत ऐकलेला भाव धरून बसू नका.

सीपीयू सतत १०० वर? आधी पीसी बंद करून आतली धूळ काढा. आपला उन्हाळा आणि त्यात धुळीनं भरलेला पंखा. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. विंडोजसोबत आपोआप सुरू होणारी नको ती ॲप्सही बंद करा. तरीही फरक नाही, आणि काम व्हिडिओ एडिटिंगसारखं जड आहे, तर मात्र गणित बदलतं. प्रोसेसर बदलायला गेलं की बहुतेक वेळा मदरबोर्ड, मग रॅम, अशी रांगच लागते. अशा वेळी जुन्यात पैसे ओतू नका.

टायपिंगवाल्यांसाठी एक गोष्ट. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग नव्या पीसीनं येत नाही, सरावानं येतो. तिथं खर्च करायचाच असेल तर चांगल्या कीबोर्डवर करा.

विंडोज १० चं काय?

मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यानंतर पीसी बंद पडणार नाही, पण नव्याने सापडलेल्या भोकांना ठिगळ लागणार नाही. तुमच्या पीसीवर लोकांचे आधार आणि बँकेची पासबुकं स्कॅन होत असतील, तर हा विषय फक्त तुमचा राहत नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी ओळखणं सोपं आहे. आय ५-४५७० मधला ४ म्हणजे चौथी पिढी, आय ५-८४०० मधला ८ म्हणजे आठवी. तुमचा त्यात बसत नसेल आणि काम ब्राउझर, पत्रं, पीडीएफ एवढंच असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट आहे. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात मिळतो. मात्र टॅली आणि कोरलड्रॉ त्यावर थेट चालत नाहीत. तुमची कमाई त्यांच्यावर असेल तर विंडोज हवंच.

‘आय ७’च्या नावाला भुलू नका

मशीन बदलायचं ठरलंच तर ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघायला हरकत नाही. पण ‘आय ७ आहे, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला पिढी विचारा. तिसऱ्या पिढीचा आय ७ विंडोज ११ च्या यादीत नाही, आठव्या पिढीचा आय ३ आहे. बिल आणि लेखी वॉरंटी घ्या. जुना पीसी विकताना त्यातली डिस्क काढून ठेवा किंवा पूर्ण पुसून द्या. लोकांची कागदपत्रं भंगारात जायला नकोत.

शेवटी एक कागद घ्या. एका बाजूला जुन्या पीसीचा एकूण खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला चांगल्या रिफर्बिश्डची किंमत. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याच्या आत असेल तर जुनाच सुधारा, वर गेला तर बदला. पीसी कमावता असेल तर महिन्याच्या कमाईतून हे पैसे किती महिन्यांत फिटतात तेही मांडा. आणि जे करायचं ते पीकविम्याची गर्दी सुरू व्हायच्या आत, जूनमध्येच उरका. दारात रांग लागलेली असताना पीसी उघडून बसणं परवडत नाही.