बोलेल ना?

सकाळी ९.००. शिकवणं हा माझा पेशा. कर्णबधिर मुलांचे भावी शिक्षक माझ्या वर्गात असतात. पण दिवस सुरू होतो ऑडिओलॉजी विभागात. बेरा या श्रवणचाचणीला बाळ गाढ झोपलेलं लागतं, म्हणून सगळे दबक्या आवाजात बोलतात. आजी सांगते, “थाळी वाजवली की बघतो हो. याचा बापही उशिराच बोलला.” थाळीचा हादरा जाणवतो, हात हललेला दिसतो; त्यावरून ऐकू येतं असं ठरत नाही.

१०.३०. अहवाल हाती येतो. दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष. बाळ दीड वर्षाचं. आईचा प्रश्न ठरलेला, “मॅडम, बोलेल ना?” मी तिला आधी खुणा दाखवते: दूध, आई, ये, झोप. श्रवणयंत्र बसेल, कदाचित कॉक्लिअर इम्प्लांटही होईल. त्यानंतर मॅपिंग, म्हणजे यंत्राची जुळणी, आणि थेरपी वर्षानुवर्षं चालते. तोवर मुलाने कोणत्या भाषेत रुसायचं, कशात हट्ट करायचा? खुणा केल्या की मूल बोलत नाही, ही भीती मला घरोघरी भेटते. ती निराधार आहे. भाषेविना गेलेले महिने मात्र खरोखरच भरून निघत नाहीत.

१२.००. बी.एड.चा वर्ग. कर्णबधिरांच्या शिक्षणावरची १८८० ची मिलान परिषद शिकवते. तिथे ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी खुणांऐवजी बोलण्यातूनच शिकवण्याचा ठराव केला आणि अनेक देशांच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. हे शिकवताना मला अजूनही संताप येतो.

३.००. पालकवर्ग. कर्णबधिर शिक्षिका चिमणी-कावळ्याची गोष्ट सांकेतिक भाषेत सांगतात. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकू येणारे. अशी मोठी, कर्तीसवरती कर्णबधिर बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिलेली असते. माझ्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा या भेटीचं मोल जास्त.

५.००. निवेदन लिहिते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार आणि भाषा सुरू, हे जगभर मानलेलं वेळापत्रक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयाचा आहे. भाषा रुजण्याची वर्षं त्याआधीच सरतात. म्हणून मागण्या दोनच: प्रत्येक प्रसूतिगृहात नवजात बाळाच्या कानांची ओएई तपासणी आणि निदानाच्या दिवसापासून पालकांना सांकेतिक भाषेचं मोफत प्रशिक्षण.

तुमच्या घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल, तर त्याच्या कानांची तपासणी झाली का, एवढं आज विचारा.