विश्लेषण : मावळच्या पावसात स्पीडबोटीचे कव्हर कसे निवडावे? कापडाच्या जाडीपेक्षा माप का महत्त्वाचे?

पावसाळ्याच्या तोंडावर लोणावळा-मावळातील धरणे आणि धबधब्यांच्या परिसरासाठी जिल्हा प्रशासन निर्बंध लागू करते. पवना जलाशयाकाठच्या छोट्या वेगवान बोटींचा हंगाम तेव्हा संपतो आणि त्यांच्या चार महिन्यांच्या मुक्कामाचा प्रश्न सुरू होतो. बोट काठावर ओढायची, वर ताडपत्री टाकायची, दोरीने बांधायची आणि दिवाळीच्या आधी उघडायची, एवढेच बहुतेकांना पुरेसे वाटते. मात्र उघडल्यावर काळी पडलेली सीट, गंजलेले वायरिंग आणि पाय ठेवताच दबणारा तळ दिसला, तर हंगामाची कमाई सुरू होण्याआधीच दुरुस्तीत जाते. हे टाळण्यासाठी कव्हर कसे निवडावे, याचा आढावा.

स्की बोट म्हणजे काय?

पाण्यावर घसरणाऱ्या खेळाडूला दोरीने ओढणारी बोट म्हणजे स्की बोट. वॉटर स्कीइंगची सुरुवात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९२२ मध्ये राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने केली, असे मानले जाते. पुढे या खेळासाठी खास बोटी तयार झाल्या. मागे लाटा कमी उठाव्यात असा तळ, दोरी बांधण्यासाठी खांब किंवा उंच टॉवर आणि मागे पाण्यालगत उभे राहण्यासाठी फळी, ही त्यांची ओळख. बनाना राइड किंवा हवा भरलेली ट्यूब ओढणाऱ्या स्पीडबोटींचे कामही तेच. या बोटी वरून उघड्या असतात. त्यामुळे पाऊस थेट सीट, डॅशबोर्ड आणि इंजिनापर्यंत पोहोचतो.

मावळातील पाऊस वेगळा का?

परदेशी बोट-कव्हरवरील बहुतांश सल्ला हा बर्फ आणि ऊन डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहराची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. याच पावसाचे पाणी घाटमाथ्यावरील तलावांत अडवून १९१५ पासून खोपोलीत वीज तयार होत आली आहे.

आता हिशेब पाहू. १८ फूट लांब आणि ७ फूट रुंद बोट वरून पाहिली तर सुमारे साडेअकरा चौरस मीटर जागा व्यापते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यावर सुमारे ११५० लिटर पाणी पडते. चार हजार मिलिमीटरच्या हंगामात हा आकडा ४६ हजार लिटरवर जातो, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. एवढे पाणी कव्हरने अडवून धरायचे नसते. ते घरंगळून खाली जाईल, अशी सोय करायची असते.

साधी ताडपत्री का पुरत नाही?

बाजारात मिळणारी प्लास्टिकची ताडपत्री चौकोनी असते. बोट मात्र पुढे निमुळती, मध्ये रुंद आणि मागे बोथट. चौकोनी कापड अशा आकारावर टाकले की सुरकुत्या पडतात, दोन सीटच्या मध्ये खळगा तयार होतो आणि त्यात पाणी साचते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल डबके झाले, तर त्याचे वजन शंभर किलो भरते. वजनाने कापड आणखी खाली जाते आणि डबके वाढत जाते. शेवटी कडी निसटते किंवा शिवण उसवते आणि सगळे पाणी एकदम बोटीत उतरते.

दुसरा धोका वाऱ्याचा. सैल ताडपत्री फडफडते आणि धुळीचे कण मध्ये अडकून फायबरची चकाकी घासून काढते. तिसरा धोका आतल्या ओलाव्याचा. प्लास्टिकमधून वाफ बाहेर पडत नाही. रात्री गारवा आला की कव्हरला आतून घाम सुटतो आणि पाऊस आत न येताही सीटवर बुरशी धरते.

माप नेमके कसे घ्यावे?

कंपनीच्या कागदावरची लांबी डोळे मिटून धरू नये. बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या बाजूच्या मध्यापर्यंत मधल्या रेषेत लांबी मोजावी. टेप सरळ ताणलेला हवा. काचेवरून, सीटवरून वळणे घेत मोजले तर माप जास्त येते आणि कव्हर सैल पडते. रुंदी जिथे सर्वात जास्त आहे तिथेच घ्यावी, तीही सरळ रेषेत.

त्यानंतर चार गोष्टी वेगळ्या लिहून घ्याव्यात. इंजिन बाहेर टांगलेले आहे की आत बसवलेले? मागची फळी कव्हरखाली घ्यायची की बाहेर ठेवायची? समोरची काच किती उंच आहे? टॉवर आहे का, आणि असल्यास त्याचे पाय नेमके कुठे येतात? टॉवरच्या पायांसाठी कव्हरला चिरा ठेवाव्या लागतात. पाणी आत शिरण्याची ही पहिली जागा. तिथे झाकणपट्टी असलेली चेन किंवा वेलक्रो हवे. टॉवर दुमडत असेल, तर तो दुमडून त्यावरून अखंड कव्हर घालणे मावळासारख्या पावसात अधिक सुरक्षित.

तयार घ्यावे की बेतून शिवून?

कव्हर साधारण तीन प्रकारचे असते. पहिले, लांबी-रुंदीच्या टप्प्यांत मिळणारे सर्वसाधारण कव्हर. ते स्वस्त असते, पण दोरी ओढून आकार आणावा लागतो. दुसरे, बोटीच्या प्रकारानुसार बेतलेले. तिसरे, ठरावीक मॉडेलसाठी किंवा प्रत्यक्ष बोटीवर माप घेऊन शिवलेले. बोट उघड्यावर राहणार असेल, तर तिसरा पर्याय परवडतो. त्यासाठी दरवेळी परदेशी कव्हरच मागवावे लागते असे नाही. ट्रकची ताडपत्री आणि रिक्षाचे हूड शिवणाऱ्या कारागिराला बोटीजवळ बोलावून कापड बोटीवरच बेतून घेता येते. मात्र काचेचे कोपरे, टॉवरचे पाय आणि मागच्या कडा इथे दुहेरी थर, दुहेरी शिलाई आणि पॉलिस्टरचा दोरा वापरायला सांगावे. सुती दोरा ओलाव्यात कुजतो. शिवणींवर जलरोधक पट्टी किंवा सीलर लावून घ्यावा, कारण सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपू शकते.

कापड कोणते? डेनियर म्हणजे काय?

जाहिरातीत ‘६०० डेनियर’ असे लिहिलेले असते. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड. पण जाड धागा म्हणजे जलरोधक कापड नव्हे. पाणी अडते ते मुख्यतः लेपामुळे.

निवड बोट कुठे ठेवणार यावर करावी. पत्र्याच्या शेडमध्ये असेल, तर ॲक्रिलिकसारखे श्वास घेणारे कापड चांगले. ते उन्हात टिकते, वाफ बाहेर सोडते, पण सततच्या मुसळधार पावसात एकटे पुरत नाही. बोट उघड्यावर असेल, तर लेप दिलेले जाड पॉलिस्टर घ्यावे आणि त्याला टोपीसारखे झाकलेले हवेचे झरोके असावेत. रंग वरून छापलेला नसून धाग्यातच मुरवलेला असेल, तर पावसाळ्यानंतरच्या उन्हात तो लवकर उडत नाही. सुती मिश्रणाचे कापड या हवेत टाळलेलेच बरे.

बांधायचे पट्टेही पाहावेत. नायलॉन भिजले की सैल पडते. त्यामुळे सकाळी घट्ट बांधलेले कव्हर रात्रीच्या पावसात झोळीसारखे लोंबू शकते. पॉलिस्टरचे पट्टे आणि घट्ट करता येणारी बकले घ्यावीत. केवळ इलॅस्टिकवर विसंबू नये.

कव्हर बरोबर बसले, हे कसे ओळखावे?

कापडाला घराच्या छपरासारखा उतार मिळाला पाहिजे. त्यासाठी आतून मधल्या रेषेत उंची कमी-जास्त होणारे दोन-तीन खांब किंवा कमानी लावाव्यात आणि खांबाच्या टोकाला गादी बांधावी, म्हणजे कापड फाटणार नाही. मग दोन चाचण्या कराव्यात. तळहाताने मधोमध दाबा. कापड ताशासारखे ताणलेले लागले पाहिजे. त्यानंतर बादलीभर पाणी वर ओता. ते कुठेही न थांबता दोन्ही बाजूंनी खाली गेले पाहिजे. जिथे थांबेल, तिथे आणखी एक खांब हवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पट्टे पुन्हा ताणावेत.

बोट ओढून नेण्यासाठी मात्र हे कव्हर वापरू नये. मुंबईहून बोरघाट चढून बोट आणताना वाऱ्याचा मारा वेगळा असतो. त्यासाठी प्रवासाचे, बोटीला चिकटून बसणारे कव्हर लागते.

झाकण्याआधी काय करावे?

बोट पूर्ण कोरडी केल्याशिवाय झाकू नये. ओली बोट झाकणे म्हणजे ओलावा कोंडून ठेवणे. बोट जमिनीवर असेल, तर तळाचे बूच काढून ठेवावे आणि पुढचे टोक थोडे उंच ठेवावे, म्हणजे चुकून आत आलेले पाणी मागून निघून जाईल. बाहेर टांगलेले इंजिन उभे ठेवावे. बॅटरी, सीटच्या गाद्या आणि लाइफ जॅकेट घरी न्यावेत. बोट जलाशयाच्या भरलेल्या पाणीरेषेच्या बऱ्याच वर हवी. पवना धरण पावसाळ्यात भरत जाते आणि जूनमध्ये कोरडा असलेला काठ ऑगस्टमध्ये पाण्याखाली असतो. श्रावणात उघडीप मिळाली की दोन-तीन तास कव्हर उघडून हवा खेळू द्यावी. उंदरांनी घर केले नाही ना, हेही तेव्हाच कळते.

हा प्रश्न फक्त पैशांचा आहे का?

नाही. अनेक फायबर बोटींच्या तळात लाकूड किंवा तरंगण्यासाठी भरलेला फोम असतो. त्यात पाणी मुरले की वरून काहीच दिसत नाही, पण बोट जड होते आणि पाण्यात अधिक खोल बसते. तेवढ्याच प्रवाशांना घेऊन निघालेल्या बोटीची कड पाण्याच्या जवळ आलेली असते. बुरशी लागलेल्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढताच तुटू शकतात. गंजलेल्या वायरिंगमुळे पाणी उपसणारा पंप ऐनवेळी बंद पडू शकतो. यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी यासाठी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आहे. मात्र दोन तपासण्यांच्या मध्ये बोट कशी राहिली, हे मालकाच्याच हाती असते. म्हणून दिवाळीत कव्हर काढल्यावर लगेच प्रवासी घेऊ नयेत. आधी तळावर पाय दाबून पाहावा, पंप चालवून पाहावा आणि बोट रिकामी पाण्यात सोडून ती गेल्या हंगामाएवढीच तरंगते का, हे तपासावे.