डोंगरातला मुक्काम, भाग 6 : मे महिन्यातलं पाणी

मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार. संध्याकाळच्या वेळी घोडेगावच्या रस्त्याने पश्चिमेकडे गाड्यांची रीघ लागते. भीमाशंकरचं देऊळ कागदोपत्री खेड तालुक्यात असलं, तरी मंचरहून तिकडे जाणारी सरळ वाट घोडेगाव, डिंभे, तळेघर अशी आंबेगाव तालुक्यातूनच जाते. यातली निम्मी मंडळी ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला निघालेली असतात आणि बाकीची काजवे पाहायला. डिंभ्याजवळ गाडी घाट चढू लागली की उजव्या-डाव्या हाताला धरणाचा फुगवटा दिसतो. खरं तर दिसते ती त्याची भेगाळलेली गाळपेर जमीन, आणि पार खाली उरलेली पाण्याची पट्टी. मुलं गाडीतून ओरडतात, "ते बघ पाणी!" रात्री ज्या गावात ही मुलं झोपणार असतात, ते गाव त्या पाण्यापासून कित्येकशे फूट उंचावर असतं. तिथल्या बायका त्याच संध्याकाळी डोक्यावर हंडा-कळशी घेऊन झऱ्याकडे निघालेल्या असतात.

डिंभे धरणाचा, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराचा, उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी आहे. घोड नदीवरच्या या धरणाने जुनं आंबेगाव पोटात घेतलं. तालुक्याला नाव देणारं गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. धरणातलं पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या बागायतीला जातं. वरच्या आदिवासी वाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाची पातळी खाली गेली तरी काठच्या गावांना थोडं पाणी उरावं म्हणून फुगवट्यात बुडीत बंधारे बांधा, ही तिथल्या लोकांची मागणी त्यातूनच आलेली आहे.

गेल्या आठवड्यात आपण कारवीच्या कुडाच्या भिंती आणि कौलारू छपरं पाहिली. भिंत कशाची आहे हे पाहुण्याला दिसतं, म्हणून 'पर्यावरणस्नेही' म्हणवणारी राहण्याची ठिकाणं भिंतीपासूनच सुरुवात करतात. पण या डोंगरात पाहुणा ठेवण्याची खरी परीक्षा पाण्याची आहे, आणि तीही मे महिन्यातल्या पाण्याची. काजव्यांचा हंगाम वळवाच्या सरी आणि पहिल्या पावसाच्या मधला असतो. म्हणजे गर्दीचे दोन-तीन आठवडे आणि वर्षातले सगळ्यात कोरडे दोन-तीन आठवडे एकच. श्रावणात येणाऱ्या यात्रेकरूची तहान पाऊस भागवतो. काजवे पाहायला आलेल्या पाहुण्याची बादली गावाच्या हंड्यातून भरते.

एवढा पाऊस पडूनही पाणी का राहत नाही, याचं उत्तर पायाखाली आहे. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक रचलेले आडवे थर. काही थर भेगाळलेले, झिजलेले, पाणी मुरवणारे. काही घट्ट कातळाचे. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, घट्ट थरावर अडतं आणि त्या थराच्या कडेने डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. वरची माती हातभर जाडीची आणि उतार तीव्र, त्यामुळे मुरतं थोडंच. दिवाळीला मनगटाएवढी असणारी धार होळीनंतर करंगळीएवढी होते आणि मे महिन्यात कळशी भरायला बसून राहावं लागतं.

ही अडचण आजची नाही. या भागात डोंगरावर मुक्काम करणाऱ्यांनी ती दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखली होती. घोडेगावच्या उत्तरेला जुन्नरभोवतीच्या टेकड्यांत भारतातला लेण्यांचा सर्वांत मोठा समूह आहे. लेण्याद्रीचं गिरिजात्मजाचं देऊळ ज्या लेण्यात आहे, ते मुळात भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण होतं. मधलं प्रशस्त दालन आणि भोवती वीस खोल्या. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, आलेले भिक्खू तिथे राहत. अशा लेण्यांच्या जवळच कातळात खोदलेली टाकी दिसतात. जवळ जाऊन पाहिलं की कारागिराचा विचार कळतो. टाक्याचं तोंड अरुंद असतं आणि आतला पोटाचा भाग कातळाखाली दूरवर पसरलेला असतो. वरच्या कड्यावरून ओघळणारं पाणी टाक्याकडे वळवायला दगडात चर कोरलेले असतात. ऊन आत शिरत नाही, त्यामुळे वाफ कमी होते आणि शेवाळही कमी धरतं. नाणेघाटाच्या माथ्यावर, शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांत, चावंडवरच्या सप्तमातृका नावाच्या सात टाक्यांत हेच सूत्र आहे: पाऊस पडेल तेव्हा धरायचा, झाकायचा आणि कोरड्या महिन्यांत काढायचा.

आजच्या घरगुती मुक्कामाला हेच सूत्र कसं लागू पडतं, ते जरा आकड्यांत पाहू. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळतं. शिंतोडे, गळती, वाहून जाणं यासाठी पाचवा हिस्सा सोडून दिला, तरी 60 चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून 10 हजार लिटरची टाकी भरायला साधारण 208 मिलिमीटर पाऊस पुरतो. घाटमाथ्यावर जुलैतला एक जोरदार आठवडा तेवढं देऊन जातो. म्हणजे कमतरता पावसाची नाही, साठवणीची आहे.

आता खर्च. शहरात माणशी रोज 135 लिटर पाण्याचा हिशेब धरतात. ग्रामीण नळयोजनांसाठी 55 लिटरचा. घरात शनिवार-रविवार आठ पाहुणे राहिले आणि त्यांनी शहरी सवयीने पाणी वापरलं, तर दोन दिवसांत 2,160 लिटर संपतात. 10 हजार लिटरची टाकी पाच आठवडेसुद्धा पुरत नाही. तेच पाहुणे माणशी 40 लिटरमध्ये राहिले, तर दोन दिवसांना 640 लिटर लागतात आणि टाकी पंधरा आठवडे चालते. मार्चच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत आठवडे पंधराच होतात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत झऱ्यावर भागवायचं आणि टाकीचं कुलूप मार्चमध्ये उघडायचं, एवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

40 लिटरमध्ये राहणं म्हणजे पाहुण्याचे हाल नव्हेत. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की 80 ते 100 लिटर पाणी जातं. बादली आणि तांब्या घेतला तर 15-20 लिटरमध्ये अंग स्वच्छ होतं. संडासाच्या टाकीची कळ दाबली की 6 ते 10 लिटर पाणी जातं; खोल उताराचं ग्रामीण भांडं दीड-दोन लिटरमध्ये स्वच्छ होतं. बाथरूममध्ये शॉवर नसल्याबद्दल पाहुण्यांपुढे संकोचणाऱ्या मावशींना हे कुणीतरी ठामपणे सांगायला हवं की त्यांची न्हाणीच इथली योग्य रचना आहे.

टाकी कुठे बसवायची हा प्रश्नही साधा नाही. 10 हजार लिटर पाणी म्हणजे 10 टन वजन. ते भरावाच्या मातीवर किंवा उताराच्या कडेला ठेवणं धोक्याचं. उघड्या कातळावर किंवा खणून लागलेल्या मुरमावर ठेवणं बरं. याच तालुक्यातल्या माळीणवर 30 जुलै 2014 रोजी दरड कोसळली आणि दीडशेवर माणसं गेली. त्या दरडीच्या कारणांवर पुढे पुष्कळ चर्चा झाली. मुसळधार पाऊस तर होताच. उतारावरच्या सपाटीकरणाचा मुद्दाही निघाला. त्यानंतरही डोंगराची सोंड जेसीबीने कापून मुक्कामासाठी सपाट अंगण करणं आणि कापलेली माती खालच्या बाजूला लोटून देणं चालू राहावं, हे मनाला फार लागतं. जाळी आणि सिमेंटचा पातळ थर यांपासून गवंडी जागेवरच फेरोसिमेंटची टाकी बांधू शकतो. जिथे मालमोटार पोचत नाही, तिथेही ती होते आणि तिच्यासाठी डोंगर कापावा लागत नाही.

येणाऱ्या पाण्याइतकंच जाणाऱ्या पाण्याकडे लक्ष द्यावं लागतं. इथल्या जुन्या घरातली न्हाणी नीट पाहावी. एक सपाट दगड, त्याला हलकासा उतार, भिंतीच्या बुडाशी भोक. बाहेर पडणारं पाणी चार हात लांब अळूच्या वाफ्यात जातं आणि तिथून केळीच्या बुंध्याशी. अळूची पानं मे महिन्यातही हिरवीगार दिसली, तर त्या घरातलं पाणी दोनदा वापरलं जातंय असं समजावं. भांडी राखेने घासली तर हे पाणी झाडांना चालतं. तीव्र साबण आणि फिनेल आलं की अळू पिवळं पडू लागतं.

संडासाच्या पाण्याला तर चूक परवडतच नाही. मातीत मुरणारं पाणी गाळून निघतं, म्हणून शोषखड्डा विहिरीपासून ठराविक अंतरावर घ्यावा असं सांगतात. भेगाळलेल्या कातळात केवळ अंतरावर भरवसा ठेवता येत नाही. वर सांगितलेल्या ज्या भेगांतून पाऊस झऱ्यापर्यंत पोचतो, त्याच भेगांतून मैलाही पोचू शकतो. म्हणून आधी गावाचा झरा शोधायचा आणि मग खोल्यांची जागा ठरवायची. दृश्य चांगलं दिसतं म्हणून झऱ्याच्या वरच्या अंगाला आठ खोल्या बांधल्या, तर खालच्या वाडीच्या पाण्याशी खेळ होतो. दोन खड्ड्यांचा संडास, दोन्ही खड्डे झऱ्यापासून बाजूला आणि खालच्या अंगाला, आणि एक भरला की दुसरा वापरायचा: या पद्धतीत बंद केलेल्या खड्ड्यात साधारण दोन वर्षांत खत तयार होतं. सेप्टिक टँक उपसायला येणारी गाडी अरुंद घाटवाटांवर चढणं अवघड असतं, त्यामुळे इथे हाच मार्ग टिकणारा आहे.

पाण्याचा हिशेब चुकला की काय होतं, ते हिमालयाने दाखवून दिलं आहे. 2018 च्या मे महिन्याअखेर सिमल्यात पाण्याची एवढी टंचाई झाली की तिथल्या नागरिकांनीच पर्यटकांना येऊ नका म्हणून विनवलं आणि शहराचा उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला. लेहमध्ये परंपरेने बिनपाण्याचे संडास असत, त्यातून शेताला खत मिळे. हॉटेलं आली तशा विंधनविहिरी आणि फ्लश आले. सिक्कीमने जानेवारी 2022 पासून लहान प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी बंद केलं. भीमाशंकरच्या वाटेवर गटारात आणि झुडपांत अडकलेल्या बाटल्या पाहिल्या की आपल्याकडेही हे करता येईल असं वाटतं. मात्र त्यासाठी मुक्कामाच्या घरात उकळलेल्या पाण्याचा माठ आणि भरून घ्यायला पितळी तांब्या तरी हवा.

नियमांची बाजूही पाहू. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये घोषित झालं आणि त्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र 2020 मध्ये ठरलं. अशा क्षेत्रांत अभयारण्याच्या सीमेपासून 1 किलोमीटरच्या आत नवीन व्यापारी हॉटेलं आणि रिसॉर्ट उभारता येत नाहीत. निसर्ग पर्यटनासाठीच्या लहान, तात्पुरत्या बांधकामांना तेवढी सूट असते. आंबेगावचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि 1996 च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या नियोजनाचा अधिकार अशा क्षेत्रातल्या पंचायतींकडे दिलेला आहे. म्हणजे गावातल्या झऱ्यावर किती पाहुणे पोसायचे, हा प्रश्न ग्रामसभेत रीतसर मांडता येतो. तो मांडला जायला हवा. राज्याचं 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण 2023 मध्ये आलं आणि त्यात महिला उद्योजकांच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. घरगुती मुक्काम सुरू करणाऱ्या बाईला या कर्जातून आधी टाकी आणि मग खोली बांधायचा सल्ला मिळाला, तर तिच्या डोक्यावरचा हंडाही उतरेल.

जुन्नरपलीकडच्या अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत काजव्यांसाठी येणारे पाहुणे गावातल्या घरांत विभागून जेवतात. पाहुणे वाटले गेले की चुलीवरचा भार वाटला जातो, आणि पाण्याचाही. चाळीस जणांचं एकच रिसॉर्ट एका विंधनविहिरीवर जेवढा ताण टाकतं, तेवढा दहा घरांच्या दहा छपरांवर पडत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात राजपूर-तेरुंगणच्या बाजूला ढग उतरू लागतात. कौलांवर आठ महिन्यांची धूळ, पाखरांची विष्ठा आणि पालापाचोळा साठलेला असतो. म्हणून पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी टाकीत घ्यायचं नसतं. पन्हळीचा तोटा बाजूला फिरवून ठेवायचा, गढूळ तांबडं पाणी अंगणात वाहू द्यायचं, ते निवळलं की तोंडाला फडकं बांधून तोटा टाकीवर वळवायचा. तोवर काजवे संपलेले असतात, शेवटच्या पाहुण्यांच्या गाड्या घोडेगावकडे उतरून गेलेल्या असतात, आणि खाचरात भाताचा राब उगवून आलेला असतो.

(पुढच्या आठवड्यात : मुक्कामाच्या अंगणातले दिवे आणि काजव्यांचा अंधार.)